टेलिफोनवालीचा आवाज

मित्रांनो, माझे लाल बटण आता एकदा दाबले की दाबलेलेच राहते. मी टेपरेकॉर्डर, विद्यापीठात शिकवणाऱ्या एका बाईंचा. हल्ली त्यांच्या खोलीतल्या कपाटात, जुन्या वर्तमानपत्रांखाली असतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटले होते, कुणाच्या तरी घरी गाणी वाजवीन. नशिबी आल्या मुलाखती. बाई राजकारण, यंत्रे आणि धंदा या तिन्हींचा एकत्र अभ्यास करीत. नवे यंत्र आणायचे कोण ठरवते, त्यात कुणाचे फावते आणि घरी कोण बसते, याचा त्यांना ध्यास होता. त्यांचे यजमान म्हणत, "या घरात फक्त पेटीचं बोलणं ऐकलं जातं. मी तोंड उघडलं की हिला झोप येते." बाई हसत आणि माझ्यावरची धूळ पदराने पुसत.

पुढारी माझ्यासमोर तासन्तास बोलले. यंत्रे पुरवणाऱ्या कंपनीचे साहेब शब्द तोलून बोलले. मनापासून बोलली ती टेलिफोनवाली. ती एक्सचेंजमध्ये हाताने फोन जोडून देई. त्या कंपनीचे स्वयंचलित यंत्र आले आणि साऱ्याजणींना घरी पाठवले. त्या यंत्राच्या चाचणीच्या दिवशी आगीच्या बंबाला फोन लागलाच नव्हता, एक घर जळाले होते, आणि तिला गप्प बसायला सांगितले होते.

"जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली," ती म्हणाली. "माझं कुणी ऐकलं नाही. तुम्ही पोचवाल ना, बाई?"

"पोचवीन," बाई म्हणाल्या.

पुस्तक लिहून झाले, तोवर त्याच कंपनीने विभागाला नवी इमारत बांधून दिली. विभागप्रमुख गोड आवाजात म्हणाले, "टेलिफोनवालीचं तेवढं एक प्रकरण गाळा. बाकी पुस्तक उत्तम आहे."

बाईंनी गाळले नाही. पुस्तक छापले गेले नाही. बढती त्यांच्याच एका विद्यार्थ्याला मिळाली.

इमारतीच्या उद्घाटनाला बाई गेल्या नाहीत, वर्गात शिकवत राहिल्या. कारकुनाने मला त्यांच्या टेबलावरून उचलून नेले. माझ्या पोटात टेलिफोनवालीची कॅसेट होती. तिची दुसरी प्रत काढायची राहून गेली होती. लाल बटण दाबले गेले आणि साहेबांचे भाषण तिच्या आवाजावर चढत गेले. मला ओरडता येत नाही. नवे घेताना जुने पुसायचे, अशीच माझी घडण.

बाईंनी नंतर कॅसेट लावली तर टाळ्या ऐकू आल्या. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली, उलटून पुन्हा ऐकली.

मला घेऊन बाई टेलिफोनवालीच्या घरी गेल्या. दार सुनेने उघडले. सासूबाईंना अर्धांगवायू झाला होता, वाचा गेली होती. मला पाहताच त्या म्हातारीचा चेहरा उजळला. तिने चांगल्या हाताने माझे बटण दाबले. ओठ हलले. फीत फिरत राहिली, माझ्यात नुसता श्वास उतरला.

"छापून आलं का, असं विचारताहेत त्या," सून म्हणाली.

"येईल," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

त्यानंतर बाईंनी कुणाची मुलाखत घेतली नाही.

मित्रांनो, मला दुरुस्त करू नका. एवढेच करा, कुणी विश्वासाने तुमच्यापाशी बोलले, तर त्याच दिवशी आणखी कुणाला तरी सांगा. माझ्यावर सोपवू नका. मला तिचे बोलणे आणि त्या टाळ्या सारख्याच.