दोन चमचे, साडेआठ ग्रॅम

"पुन्हा दीड ग्रॅम कमी!" काटेवाले स्वयंपाकघरातून ओरडले. "अगं, टेबलाला धक्का दिलास का तू?"

"मी इकडे केस विंचरतेय. तुमच्या टेबलाशी माझं काय काम?" आतल्या खोलीतून बायकोचा आवाज आला. "आणि चिमूटभर कॉफीचं मेलं वजन कसलं करायचं? घाला पाण्यात नि प्या!"

"घाला नि प्या म्हणे! हिच्या हाती कारभार असता तर हिने सोनंसुद्धा मुठीनं विकलं असतं."

तोंडाने चेष्टा चालली होती खरी, पण नजर काट्यावरून हलत नव्हती. दुकानांतले, दवाखान्यांतले वजनकाटे तपासायचे, खरा ठरेल त्या काट्याला तार बांधून तिच्या शिशाच्या गोळीवर आपला शिक्का दाबायचा, हे काटेवाल्यांचं एकतीस वर्षांचं काम. सारा गाव म्हणूनच त्यांना काटेवाले म्हणे. त्यांचा शिक्का असला की गिऱ्हाईक डोळे मिटून माल घेई. आणि एवढीच वर्षं त्यांचा सकाळचा एक नेम होता. छोट्या पितळी तराजूत कॉफी तोलायची. दोन सपाट चमचे म्हणजे दहा ग्रॅम, कमी नाही, जास्त नाही. मग उकळतं पाणी ओतायचं आणि फडक्यातून थेंब थेंब गळणाऱ्या कॉफीकडे बघत बसायचं. वाफ नाकाशी आली की रात्रभर सैरावैरा धावलेलं मन आपसूक पायाशी येऊन बसे. कुणी माळ ओढतं, कुणी फुलं वेचतं. देवाला सगळंच पोचतं, बरं का. काटेवाल्यांचं कॉफीतून पोचत होतं.

आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या छातीत धडधड सुरू झाली, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "कॉफी सोडा." "श्वास सोडीन, कॉफी नाही!" असं सांगून काटेवाले उठूनच आले. पुढे धडधड थांबली, झोप लागायला लागली. "बघ, डॉक्टरला काय कळतंय? कॉफीनंच बरा झालो," असं ते बायकोला दर चार दिवसांनी ऐकवत. ती खाली मान घालून भाजी निवडत राही.

पण त्याच सुमाराला दोन चमच्यांचं वजन उतरू लागलं. आधी पावणेदहा, मग साडेनऊ, नऊ. महिनाभर ते साडेआठावर अडलं होतं. काटेवाल्यांनी तराजू पुसला, दांडी तपासली. वजनमापांच्या कचेरीतली प्रमाणित वजनं आणून टाकली, तर काटा अगदी मधोमध. तराजू खरा. वजनं खरी. चमचाही तोच, लग्नातला.

मग खोटं उरलं काय? ते स्वतः.

चमचा सपाट दिसतोय म्हणतात ते डोळे खोटे, नाहीतर हात खोटा. कॉफीच्या डब्याची शंका त्यांच्या मनाला शिवलीसुद्धा नाही. डबा बायको भरायची.

त्या सकाळी कॉफी पिऊन ते कामावर निघाले, ते बाजाराकडे न वळता थेट कचेरीत गेले. खिशातला शिक्का काढून त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"हे काय, काटेवाले? नवा हवाय? झिजला की काय?"

"शिक्का नाही झिजला, साहेब. मी झिजलो. दीड ग्रॅमची चूक होतेय हाताची."

"दीड ग्रॅम! अहो, माझ्या दुधवाल्याची अर्ध्या लिटरची होते, तो रोज टेचात येतो."

"दुधवाला औषधाच्या दुकानातला काटा तपासत नाही."

साहेबांचं हसू मावळलं. "आठ दिवस घरी बसा. डोळे दाखवून या. एकदा शिक्क्यावर घाव घातला की मला काही करता येणार नाही. नव्या शिक्क्याची परीक्षा साठीपर्यंतच, आणि तुम्ही त्रेसष्टचे."

"आठ दिवसांत कुणाच्या लेकराला जास्तीचं औषध गेलं तर?"

परत केलेल्या शिक्क्याचा गैरवापर होऊ नये म्हणून ज्याचा त्यानेच त्यावर छिन्नी मारायची, असा तिथला नियम. काटेवाल्यांनी हातोडी उचलली. घाव बरोबर मधोमध बसला. शिक्क्यावरच्या त्यांच्या क्रमांकातले दोन आकडे एका घावात पुसले गेले. साहेब बघत राहिले. "हात तर चांगला स्थिर आहे हो तुमचा," ते हळूच म्हणाले. काटेवाल्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. स्थिर हात चुकतो कसा?

दुपारच्या आतच घरी आलेल्या नवऱ्याला पाहून बायको दारातच थबकली. "अगंबाई! धडधडतंय का पुन्हा?"

"नाही गं. बरा आहे."

"मग चेहरा असा का?" तिने त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि पदराला हात पुसत उभी राहिली. "एक सांगू? ओरडणार नाही ना? सकाळी तुम्ही त्या तराजूकडे असे बघत होतात, मला बघवेना. मीच केलंय ते."

"काय केलंस?"

"डॉक्टरांचं तुम्ही ऐकेनात. मग मी डब्यात भाजलेल्या जवाची पूड मिसळायला लागले. आधी चमचाभर, मग दोन. महिना झाला, डब्यात कॉफीचा कणसुद्धा नाही. नुसते जव! हलके असतात मेले. मला काय ठाऊक तुम्ही ग्रॅम ग्रॅम मोजत बसाल!"

काटेवाल्यांची नजर फळीवरच्या डब्याकडे गेली. महिनाभर जव? मग ती वाफ, तो जिवाला मिळणारा विसावा, ते कशातून येत होतं? आणि डोळे खरे होते, हात खरा होता, तर सकाळी त्यांनी छिन्नी मारली ती कशावर?

"रागावलात?" तिचे डोळे भरले होते. "कपाळ फुटलं असतं हो माझं तुम्हाला काही झालं असतं तर."

शब्द ओठांपर्यंत आले होते. काटेवाल्यांनी ते पाण्याच्या घोटाबरोबर गिळले. "रागवायचं काय त्यात? वजन कमी का येतं ते कळलं, बरं झालं."

"आणि आज लवकर कसे आलात?"

"काम लवकर संपलं."

तिने डोळे पुसले. "उद्यापासून खरी आणू का? थोडीशीच?"

"नको. हीच असू दे."

दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळी उठले. जवाची कॉफी थेंब थेंब गळली, वाफ नाकाशी आली. आणि ठाऊक असूनही, सगळं ठाऊक असूनही, मन येऊन पायाशी बसलं. काटेवाल्यांना नवल वाटलं. थोडी लाजही वाटली.

"आज कुठली फेरी?" बायकोने विचारलं.

"जवळचीच," असं म्हणून त्यांनी पिशवी घेतली.

गल्लीच्या टोकाला ते थांबले. डावीकडे बाजार, उजवीकडे दवाखाना. कुठे वळावं ते कळेना, आणि जीव इतका शांत का, तेही कळेना. येणारेजाणारे मान लववून, "काय काटेवाले, ठीक ना?" म्हणत होते. तेही प्रत्येकाला मान लववत, शर्टाची वरची गुंडी लावून, सरळ ताठ उभे होते.