देवाचं वजन

चतुर्थी उद्यावर आली होती आणि मराठा पलटण तेव्हा जयपूरपासून लांब, वाळवंटात सरावावर होती. पलटणीचा गणपती मात्र जयपुरातच अडकलेला. चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, मूर्तिकारांच्या गल्लीतून तो आदल्या दिवशी आणला होता. पांढरा संगमरवर, पोत्यात गुंडाळून काथ्याने आवळलेला. रस्त्याने नेला तर खड्ड्यांत सोंड जाईल, म्हणून पाठीमागे राहिलेल्या तुकडीचे सुभेदार सर्जेराव कदम यांनी खटपट केली. डाक आणि औषधं घेऊन हेलिकॉप्टर जाणारच होतं. त्यातच देवाची सोय झाली.

"वजन किती?" मेजर उमाकांत सोहोनींनी विचारलं. हेलिकॉप्टरच्या तुकडीतले ते सर्वांत अनुभवी पायलट.

"दोन माणसं उचलत्यात, साहेब."

"ते वजन नाही झालं. रेशन स्टोअरमध्ये काटा आहे, त्यावर ठेवून आणा."

सर्जेरावांनी कानाला हात लावला. "ज्या काट्यावर बटाटं आन् मटण चढतं, त्यावर बाप्पाला बसवू, साहेब? गावाकडं कळलं तर म्हातारी मला उंबऱ्याच्या आत घ्यायची न्हाई."

देवाला निरोप द्यायला जमलेल्या वसाहतीतल्या बायका हसल्या. उमाकांतही हसले. त्यांनी पोत्याकडे पाहून मनात एक आकडा धरला आणि मूर्ती आत चढवायला सांगितली. चूक झाली ती इथे, जमिनीवर. पुढे हवेत घडलं तो नुसता तिचा परिणाम.

दर महिन्याला तरुण पायलटांचा सुरक्षेचा वर्ग हेच उमाकांत घेत. तापलेली हवा विरळ असते, पाती तिला नीट धरू शकत नाहीत, म्हणून उन्हाळ्यात वजन अंदाजाने धरायचं नाही, हे ते फळ्यावर आकृती काढून शिकवत. त्या वर्षी, सत्त्याऐंशी साली, पाऊस फिरकलाच नव्हता. भाद्रपदात वैशाखाचं ऊन होतं.

हेलिकॉप्टर हातभर उचललं गेलं आणि गिअरबॉक्सवरचा भार दाखवणारी सुई लाल रेघेला टेकली.

"सर, लाल," शेजारून कॅप्टन उत्तम घोरपडे हळूच म्हणाला. साताऱ्याचा पोरगा, वर्षभरापूर्वीच तुकडीत आलेला.

खाली टेकायचं, डाकेची पोती उतरवायची, पुन्हा उठायचं. एवढंच करायचं होतं. पण समोर सगळी वसाहत उभी होती. धुळीत डोळ्यांवर पदर धरून बायका 'मोरया' म्हणत होत्या. इंजिनाच्या आवाजात ते ऐकू येत नव्हतं, ओठांवरून कळत होतं. त्यांत उमाकांतांची बायको मधुमतीही होती. सगळ्यांदेखत उचललेला गणपती परत खाली ठेवायचा?

उमाकांतांनी दांडा आणखी थोडा ओढला. सुई रेघेपलीकडे गेली आणि मैदानाच्या कडेच्या बाभळी ओलांडेपर्यंत तिथेच राहिली. मग मागे आली. काही झालं नाही.

गणपती छावणीत उतरवून परतताना उत्तम म्हणाला, "सर, इंजिनिअर साहेबांना सांगायला लागेल. गिअरबॉक्स उघडून बघायला पाहिजे."

"मी बघतो."

इंजिनिअर मधुसूदनन हँगरच्या दारातच उभे होते. "कैसी रही, सर?"

"एकदम बढ़िया," उमाकांत म्हणाले. शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना कळलं की आपण बोललो.

घरी मधुमती मोदकांसाठी नारळ खवत होती. ती केंद्रीय विद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायची. "केवढं वजन होतं हो त्याचं?"

"केलं नाही."

खवणीवरचा तिचा हात थांबला. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खवायला लागली. ती चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

सकाळी उमाकांत सांगायचं ठरवूनच निघाले. तेच मशीन, कालचं हेलिकॉप्टर, वाळवंटातल्या छावणीतून एका आजारी जवानाला आणायला जाणार होतं. पण हँगरमध्ये पोचले तेव्हा गिअरबॉक्स आधीच उघडलेला. मधुसूदनननी त्याच्या तेलात झीज पकडायला बसवलेलं लोहचुंबक त्यांच्यापुढे धरलं. त्यावर धातूचा बारीक कीस चिकटला होता; आतले दाते झिजू लागले होते.

"अच्छा हुआ, घोरपडे ने कल शाम को ही बता दिया. कह रहा था, मशीन उसके हाथ में थी."

जवानाला आणायला दुसरं मशीन निघालं होतं. उमाकांत ब्रीफिंगच्या खोलीत गेले. त्यांना बसायचंही सुचलं नाही.

तुकडीचे प्रमुख कर्नल बक्षी यांनी उत्तमला उभं केलं. आवाज न चढवता चांगलं खडसावलं. मग ते वळले. "मेजर सोहोनी, सेफ्टी आप पढ़ाते हैं. आप ही समझाइए इसे."

उत्तम बुटांकडे बघत होता. त्याने मान वर केली नाही, जणू उमाकांतांना अवघड जाऊ नये म्हणून. वर्गातली वाक्यं उमाकांतांना तोंडपाठ होती. "घोरपडे," असं त्यांनी म्हटलंही, अगदी वर्गातल्या आवाजात. तो आवाज त्यांनाच ऐकवेना.

"सर, मशीन माझ्या हातात होतं," ते हिंदीत म्हणाले. "याने मला सांगितलं होतं, लाल म्हणून. वजनही मीच करवून घेतलं नव्हतं."

कर्नलांनी उत्तमला बसायची खूण केली. "जवान आ जाए, फिर मेरे पास आइए. तब तक आप उड़ेंगे नहीं."

बाहेर हँगरच्या सावलीत उमाकांतांनी उत्तमला गाठलं. "खोटं का सांगितलंस?"

"मशीन उघडायला हवं होतं, सर. नाव कुणाचंही चाललं असतं."

"मग माझं का नाही?"

उत्तमने जरा विचार केला. "तुम्ही 'मी बघतो' म्हणालात. तुम्ही म्हटल्यावर पुढं विचारायचं नसतं ना, सर. आम्ही सगळे तसंच वागतो."

त्यात टोमणा नव्हता. वर्गात विचारलेल्या प्रश्नाला द्यावं तसं उत्तर दिलं होतं त्याने. सुरक्षेच्या वर्गातून पोरं हेच घेऊन जात होती.

दुपारी दुसरं मशीन परतलं. जवान स्ट्रेचरवरून दवाखान्यात गेला, आणि छावणीतला प्रसाद सर्जेरावांच्या हाती आला. ते डबा घेऊन तडक उमाकांतांकडे आले.

"स्थापना झ्याक झाली म्हणं, साहेब. देव तुम्ही पोचवला. पहिला पेढा तुमचा."

"सुभेदार, मूर्तिकाराला विचारून याल? किती वजन होतं ते."

"आता कशाला, साहेब? देव बसला की."

उमाकांतांनी हात पुढे केला. पेढा तळहातावर आला, पण तोंडापर्यंत जाईना. तेवढ्यात उत्तम समोरून गेला. नेहमीसारखा ताठ होऊन त्याने सॅल्यूट ठोकला. उमाकांतांच्या उजव्या हातात प्रसाद होता. तो खाली ठेवता येत नव्हता आणि सॅल्यूट परत करता येत नव्हता. उत्तम तसाच पुढे निघून गेला.