मी साबण सोडला नाही

मी एक जुना लाकडी साचा आहे. साबणाचा. दिसायला म्हणाल तर झाकण नसलेली लांबट पेटी, कोपरे झिजलेले, एका बाजूला काळपट डाग. मित्रांनो, मला पाहून तुम्हाला दया आली असेल तर ती तुमच्यापाशीच ठेवा. मी दयेसाठी बोलत नाहीये. माझा एका बाईंवर राग आहे, तो चांगला मुरलेला आहे, आणि तो का आहे हे तुम्हाला कळलंच पाहिजे.

आधी जन्माचं सांगतो, नाहीतर म्हणाल, लाकडाला कसला आलाय राग! एका सुताराकडे शाळेच्या कपाटाची एक फळी उरली होती. त्याच्या बायकोला साबण करायचा भारी नाद. घरोघरचे जुने डबे ती साच्यासाठी मागून आणायची, आणि त्यातून निघालेल्या वड्या म्हणजे काही चौकोनी, काही वाकड्या. शेवटी सुतार म्हणाला, "पुरे झाले तुझे डबे, घरात पाय ठेवायला जागा नाही." त्याने मला बनवलं. खिळे गंजतील म्हणून एकही खिळा मारला नाही, खाचेत खाच बसवली. पुढे सुतार गेला. त्याची बायको मात्र साबण करत राहिली, आणि सगळी गल्ली तिला साबणमावशी म्हणू लागली.

मावशीचं काम बघण्यासारखं असायचं. सुताराचा मोटारसायकलवरचा गॉगल ती डोळ्यांवर चढवायची, हातात रबरी मोजे घालायची आणि बाल्कनीचं दार सताड उघडायची. मग मापाच्या पाण्यात कॉस्टिक सोडा थोडा थोडा सोडायची. शेजारी लेक उभी. "पाण्यात सोडा घालायचा. सोड्यात पाणी कधीही नाही," हे वाक्य मावशीने लेकीला इतक्या वेळा ऐकवलं होतं की मलासुद्धा पाठ झालं. पातेल्यातलं निवलं की ते खोबरेल आणि एरंडेलात ओतायचं आणि घोटत बसायचं. कालथ्याने वर रेघ ओढली आणि ती बुडाली नाही, म्हणजे साबण धरला. सुगंध सगळ्यात शेवटी, कारण गरम पातेल्यात घातला तर उडून जातो. संत्र्याच्या सालीचं तेल, आणि ते टिकावं म्हणून लवंगेचा एखाददुसरा थेंब. तो घातला की मावशी डोळे मिटून वास घ्यायची आणि हटकून म्हणायची, "अगं बाई, आज जमलाय." न जमायला काय झालं होतं?

आता माझं काम ऐका. ओतण्याआधी लेक मला आतून कागद लावायची, वहीला कव्हर घालतात तसा, कोपरे दुमडून, एकही सुरकुती न ठेवता. मग साबण माझ्यात यायचा, कोमट, जडशीळ. मावशी मला जुन्या चादरीत गुंडाळायची. दुसऱ्या दिवशी कागदाची टोकं धरून नुसतं वर उचललं की साबण अलगद बाहेर. मग वड्या कापायच्या आणि कित्येक आठवडे फळीवर सुकवायच्या. लोकांना वाटतं साच्याचं काम धरायचं. छे! धरायला काय, चिखलही धरतो. साच्याचं कसब सोडण्यात असतं, आणि त्या कसबात मी गल्लीत एक नंबर होतो.

मग लेकीचं लग्न झालं. लग्नात विहीणबाईंनी साबणाच्या वड्या हुंगून पाहिल्या आणि गोड हसून म्हणाल्या, "अहो, साचाही पाठवा की हिच्याबरोबर. तेवढाच विरंगुळा होईल तिला." मावशीला वाटलं, किती समजूतदार बाई! तिने मला पुसलं, कोरड्या फडक्यात गुंडाळलं आणि लेकीच्या सामानात ठेवलं. स्वतः परत डब्यांवर आली, पण हसत आली.

विरंगुळा कसला, कपाळ! लेक एकामागून एक घाणे काढायची आणि विहीणबाई त्या वड्या रिबिनी बांधून वाटत सुटायच्या. "माझ्या आजीची कृती आहे हो. मी स्वतः करते." हे सांगताना सून समोर चहाचा ट्रे घेऊन उभी असायची आणि विहीणबाईंच्या पापणीचा केसही हलायचा नाही. प्रत्यक्षात साबण होताना त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसत. त्यांचं डोकं दुखायचं. जावई माणूस वाईट नव्हता, पण आईसमोर मूग गिळून बसायचा.

आणि माझं काय झालं? दोन घाण्यांच्या मध्ये विहीणबाईंनी माझ्यात कांदे ठेवले. कांदे! संत्र्याचा सुगंध प्यायलेल्या लाकडात! कधी सडका कांदा तसाच राहायचा आणि त्याचं पाणी माझ्या बुडात झिरपायचं. लेक मला घासायची, उन्हात ठेवायची, पण लाकूड एकदा प्यायलं की प्यायलं. मी तेव्हाच दात-ओठ खाल्ले असते, असते तर. तरी सांगतो, एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. कांद्यासाठी कोणी डूख धरत नाही.

एकदा विहीणबाईंकडे पाहुण्या यायच्या होत्या आणि लेकीचा घाणा अजून सुरू व्हायचा होता. विहीणबाई पहिल्यांदाच आत आल्या आणि त्यांनी खिडक्या लावून घेतल्या, शेजाऱ्यांकडे वास जाऊ नये, कृती कळू नये म्हणून. लेक पाणी मोजत होती. विहीणबाईंना दम कुठला! "किती चोचले गं तुझे," म्हणाल्या, कॉस्टिकचं भांडं पुढे ओढलं आणि त्यात तांब्यातलं पाणी ओतलं. "नको, आई!" एवढंच लेक ओरडली. भांडं फसफसून उसळलं. थोडं माझ्यावर उडालं, तोच हा काळा डाग. बाकीचं लेकीच्या हातावर, मनगटापासून पार कोपरापर्यंत.

पोरीने हात नळाखाली धरला. किती तरी वेळ तशीच धरून उभी होती. विहीणबाई म्हणाल्या, "एवढं काय झालंय? फुंकर घाल." नंतर पाहुण्यांना सांगितलं, "जरा वेंधळी आहे आमची सूनबाई." मित्रांनो, मला तळपाय नाहीत, नाहीतर तळपायाची आग मस्तकात गेली म्हणालो असतो. मी ओट्यावर पडून होतो आणि काहीही करू शकत नव्हतो.

मावशी कळल्या कळल्या धावत आली. लेकीचा बांधलेला हात बघितला आणि दारातच म्हणाली, "विहीणबाई, हिला थोडे दिवस घेऊन जाते. बरं वाटलं की आणून सोडते."

"कशाला?" विहीणबाई म्हणाल्या. "हात भाजलाय, पाय नाही. आणि माझा कार्यक्रम तोंडावर आलाय, मला घरात माणूस लागेल."

मावशीने जावयाकडे पाहिलं. तो भिंतीकडे पाहत होता. मावशीने मग लेकीच्या केसांवरून हात फिरवला, कोपऱ्यात कांद्यांनी भरलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेली. त्या क्षणी मी ठरवलं, की या बाईंना चारचौघांत तोंडघशी पाडल्याशिवाय मी फुटणार नाही, की कुजणार नाही. लेक घरी जायला हवी होती, आणि तिला अडवणाऱ्याला धडा मिळायला हवा होता. मला दोन्ही हवं होतं. लाकूड झालो म्हणून काय झालं!

कार्यक्रम असा होता: सोसायटीच्या हॉलमध्ये विहीणबाई बायकांना साबण करून दाखवणार होत्या, आणि आदल्या दिवशी केलेला साबण सगळ्यांदेखत साच्यातून काढणार होत्या. लेकीचा हात बांधलेला, तेव्हा आदल्या दिवशी घाणा स्वतःच घालणं भाग पडलं. लेक स्टुलावर बसून एकेक सांगत होती, आणि या वेळी बाई निमूट ऐकत होत्या. खिडक्या उघड्या ठेवल्या, पाण्यात सोडा घातला, घोटलं, सुगंध घातला. सगळं बरोबर. मग कांदे काढून मला नुसतं झटकलं आणि पातेलं उचललं.

"आता सरळ ओतायचं ना?" विहीणबाईंनी विचारलं.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. कागदाची गुंडाळी तिच्या मागच्या फळीवरच होती. मी तर श्वासच रोखला. पोर कधी उलटून बोलली नव्हती, कधी खोटं बोलली नव्हती. तिने बांधलेला हात मांडीवर नीट ठेवला आणि म्हणाली, "हो. सरळ ओता."

शाब्बास, पोरी! मी मनातल्या मनात नाचलो.

साबण आला, कोमट, थेट माझ्या उघड्या अंगावर. मी लाकडाची एकेक रेषा उघडली आणि त्याला आत घेतलं. रात्रभर आवळून धरला.

दुसऱ्या दिवशी हॉल खचाखच भरला होता. विहीणबाई ठेवणीतले कपडे घालून, केसांना फुलबिल लावून उभ्या. आजीच्या बाता मारून झाल्या, टाळ्या झाल्या. मग त्यांनी मला उचललं, उलटं केलं आणि टेबलावर आपटलं. ठक्! साबण हलला नाही. परत आपटलं. परत. समोरच्या रांगेतल्या चष्मेवाल्या आजी शेजारणीला म्हणाल्या, "अगं, कांद्याचा वास येतोय का तुला?" शेजारीण म्हणाली, "मघापासून. मला वाटलं तुमच्या पिशवीत आहेत." अख्खी रांग खुदखुदली.

विहीणबाईंना घाम फुटला. सुरी घातली तर चिमूटभर साबण खरवडून निघाला. केसातलं फूल खाली पडलं. मला मारा, आपटा, काय वाटेल ते करा, मी सोडणार नव्हतो. कांदे आठवत होते, फुंकर आठवत होती, ते 'वेंधळी' म्हणणं आठवत होतं.

शेवटी त्या दातांवर दात ठेवून म्हणाल्या, "सूनबाई, काढ गं जरा."

लेक उठली. बांधलेला हात तिने मुद्दाम वर नाही केला, पण तो सगळ्यांना दिसला. "माझा हात असा आहे, आई. माझ्या आईला विचारता का? साचा तिचाच आहे. साबणही तिनेच शिकवलाय मला."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. "म्हणजे आजीची कृती?" "आणि हाताला काय झालं हिच्या?" विहीणबाईंना फोन लावावाच लागला, आणि चष्मेवाल्या आजींनी मोठ्याने बजावलं, "स्पीकरवर टाका हो, आम्हालाही शिकायचंय."

"विहीणबाई, साबण साच्यातून निघत नाहीये," त्या म्हणाल्या.

"ओतला कोणी?" मावशीचा आवाज आला.

"मी."

"आणि आजवर कोण ओतत होतं?"

विहीणबाईंनी खाली पडलेलं फूल उचललं. "सूनबाई," त्या पुटपुटल्या.

"तेव्हा निघत होता ना?"

"हो."

कागद घातला नाही, हे मावशीला तिथेच कळलं होतं. आणि कागद घालायला लेक विसरणं शक्य नाही, हेही तिला कळलं होतं. पोरीने फोन न करता आईला बोलावलं होतं. मावशी म्हणाली, "मग साचा आणि लेक, दोघांना इकडे पाठवा. साबण मी काढून देते."

"कधीपर्यंत मिळेल?"

"निघेल तेव्हा," मावशी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

इतक्या लोकांसमोर नाही कोण म्हणणार? जावई शेवटच्या रांगेतून उठला, त्याने मला उचललं आणि आईकडे न बघता म्हणाला, "मी पोचवतो." मावशीच्या दारात मान खाली घालून तो म्हणाला, "चुकलं माझं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं." मावशी म्हणाली, "हो, हवं होतं," आणि चहा टाकायला आत गेली. मला वाटलं, निदान बिनसाखरेचा तरी द्यावा. पण तिने साखर घातली.

तो गेल्यावर मावशीने मला टेबलावर घेतलं. काठावरून अंगठा फिरवला. "कागद नाही घातलास?"

"विसरले," लेक म्हणाली.

"तू?"

दोघींना हसू फुटलं. हसता हसता लेक रडायला लागली आणि मग बराच वेळ रडत राहिली. मावशी तिचा बरा हात धरून बसली. नंतर लेक म्हणाली, "थंड करून, बाजू ठोकून बघायचा का? निघेल बहुतेक." मावशी म्हणाली, "राहू दे गं. घाई काय आहे?"

तेव्हापासून मी खिडकीपाशी आहे, पोटात साबण घेऊन. तो आकसतोय, कडेला बारीक फट पडायला लागली आहे, पण बुडाशी मी पक्का धरलाय. विहीणबाईंचे फोन येतात. "निघाला का?" मावशी म्हणते, "कुठला हो! हट्टाला पेटलाय अगदी." जावई सुट्टीच्या दिवशी येतो, मावशीच्या डब्यांतल्या वड्या पुसून ठेवतो आणि हल्ली दोन वाक्यं जास्त बोलतो.

तर मित्रांनो, साबण कराल तेव्हा मोठ्यांना बरोबर घ्या, खिडक्या उघड्या ठेवा, पाण्यात सोडा घाला, आणि साच्याला कागद लावा. साचा कोरडा ठेवा. त्यात कांदे ठेवू नका, हात जोडून सांगतो. आणि कोणाच्या हाताला भाजलं तर फुंकर घालू नका, नळ सोडा आणि डॉक्टर गाठा. हे सगळ्यांना सांगा. फक्त विहीणबाई भेटल्या तर कागदाचं तेवढं बोलू नका.

काल त्यांचा पुन्हा फोन आला. मावशी बाल्कनीत होती, म्हणून पहिल्यांदाच लेकीने घेतला. पट्टी सुटली आहे आता, हातावर नवी कातडी आली आहे, गुलाबी आणि ताणलेली.

"निघाला का गं साबण?"

"नाही," लेक म्हणाली. आवाज जराही हलला नाही. "तुम्ही इथे या. आधी माझा हात बघा. मग साबणाचं बघू."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. त्या अजून आलेल्या नाहीत. मीही अजून सोडलेला नाही.