घेवड्याचं पान

पान तळहातावर पसरेचना. कडा आत वळलेल्या, देठ पिळलेला... रेणुकादास सरांनी ते दोनदा बोटांनी सरळ केलं, दोनदा ते पुन्हा मिटलं. कुंपणापलीकडे सुलतानबी उभ्या होत्या. शेजारच्या, शिलाईकामावर घर चालवणाऱ्या, सरांहून दहा वर्षांनी मोठ्या.

"सर, तुमी शिकलेले. बघा की, कोनचा रोग हाय ह्यो? परवापासून सगळा वेलच असा करायलाय."

रोग कसला... पान बघताच सरांना कळलं होतं. मंगळवारी भर दुपारी त्यांनीच आपल्या मोकळ्या प्लॉटवरच्या गाजरगवतावर तणनाशक मारून घेतलं होतं. सकाळी क्लास, संध्याकाळी क्लास. दुपार काय ती रिकामी. ऑक्टोबरचं ऊन, त्यात वारं सुटलेलं — आणि त्याच सकाळी दीडशे पोरांपुढे मी बाष्पीभवन शिकवून आलो होतो! तापमान वाढलं की काय होतं, सांगा बरं? सगळ्या उदगीरला ऐकू जाईल असं पोरांनी सांगितलं होतं. आणि दुपारी त्याच उन्हात औषधाची वाफ होऊन वाऱ्याबरोबर कुंपणापलीकडे या वेलावर गेली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान...

या बाईचं सरांना फार कौतुक. घरामागे चार हात जागा, पण दोडका, वांगी, मेथी, काय नव्हतं तिथे! आणि घेवडा तर तिचा जीव की प्राण. किल्लारीकडचं माहेर भूकंपात गेलं, भावाच्या घरातलं बियाण्याचं मडकं मातीखाली राहिलं. पूर्वी कधी तरी पदराला बांधून आणलेलं मूठभर बी तेवढं इथे वाचलं. तेव्हापासून पहिल्या शेंगांना चिंधी बांधून त्या बियाण्याला राखायच्या, आणि निम्मं बी दुसऱ्याच्या घरी ठेवायचं, हा तिचा शिरस्ता. रडगाणं नाही, की कुणाला सांगत फिरणं नाही. गेली तीन वर्षं ते दुसरं घर सरांचं होतं. यंदाच्या चिंध्या वेलावर तशाच होत्या. आतल्या शेंगा पिवळ्या पडून वाकल्या होत्या.

सांगून टाकावं. आपा, हे माझ्यामुळे झालं — एवढंच तर वाक्य. ते ओठांपर्यंत आलं... आणि बाहेर पडलं ते भलतंच.

"हवामानाचा परिणाम असतो, आपा, कधी कधी."

सुलतानबी पानाकडे नाही, त्यांच्याकडे बघत होत्या.

"बरं. माझं बी द्या मग. थंडी पडायच्या आत लावते."

सरांनी आतून बरणी आणली आणि राखेत घोळलेलं सगळं बी त्यांच्या ओंजळीत ओतलं. सुलतानबींनी निम्मं परत सरांच्या हातावर ठेवलं.

"ऱ्हाऊ द्या. एका घरात बी ठिवू न्हाई." दोन पावलं जाऊन त्या वळल्या. "आन् सर, पुढल्या बारीला औषधाचा पंप मारायच्या आधी हाक मारा. मी चादर टाकते वेलावर."

म्हणजे माहीत होतं. मंगळवारपासूनच! तरी विचारायला आली... की मला बोलायला जागा करून द्यायला आली होती? आणि सगळं माहीत असून ते बियाणं पुन्हा माझ्याच हातात? एवढं मन कुठून आणते ही बाई?

सर मूठ मिटून उभे राहिले. कुंपण कमरेएवढंच होतं. अंगणात संध्याकाळच्या बॅचची पोरं सायकली लावत होती, "सर, सर" करत होती, आणि त्या शब्दाला ओ द्यायची आज पहिल्यांदाच त्यांना लाज वाटत होती.