ऑरिनच्या घशाखाली उतरेल असा मीटलोफ

माझ्या सासूशी, लवॉनशी, माझं कधी पटलं नाही. पण मीटलोफ, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेला खिम्याचा लांबट गोळा, करण्यात तिचा हात धरणारं अख्ख्या ओहायोत कोणी नाही, हे मी भांडतानासुद्धा कबूल करते.

त्या रविवारी तिची खरी कसोटी होती. माझ्या सासऱ्यांच्या, ऑरिनच्या घशातल्या कॅन्सरला रेडिएशनचे शेक दिले होते. गाठ गेली, पण तिच्याबरोबर लाळही गेली. घास तोंडात नुसता फिरायचा, खाली उतरायचा नाही. कित्येक महिने ते पातळ सूपवर होते आणि अंगावरचा शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. आता घासभर तरी जेवले नाहीत, तर सोमवारी डॉक्टर पोटात नळी घालणार होते. मिक्सरमधून काढलेलं काही दिलं की ते वाटी सरकवायचे. "मी तान्हं बाळ आहे का?"

चर्चमधून आल्या आल्या लवॉनने एप्रन बांधला. शिळा पाव कुस्करून दुधात भिजवला. कांदा चिरला नाही, किसला, आणि सुटलेल्या पाण्यासकट बीफ-पोर्कच्या खिम्यात घातला. वर अंडी फोडली आणि बोटांच्या टोकांनी सगळं अलगद एकत्र करू लागली. मी मदतीला हात घातला, तर मनगटावर चापट बसली.

"मळतेस काय अशी? दगड होईल त्याचा!"

"आई, मी फक्त..."

"तू फक्त बटाटे सोल."

नेहमीचा केचपचा आंबटगोड थर तिने दिला नाही, आंबटाने त्यांचा घसा जळायचा. भाजून झाल्यावर माझा नवरा कर्टिस सुरी घेऊन धावला.

"थांब, हावरटा! आत्ता कापलास तर सगळा रस ताटात वाहून जाईल."

शेवटी आम्ही टेबलाशी बसलो, प्रार्थना झाली. ऑरिननी ताटाकडे पाहिलं.

"केचप कुठे गेला?"

"संपला."

"आपल्या घरात? केचप?"

"संपतो कधीकधी. जेव आता."

त्यांनी काट्यानेच तुकडा मोडला आणि ग्रेव्हीत बुडवून तोंडात घातला. जबडा हलत राहिला. कर्टिस खिडकीबाहेर बघत होता, मी वाटाणे उगाच इकडचे तिकडे करत होते. लवॉनने पाण्याचा ग्लास हळूच पुढे सरकवला. त्यांनी तो घेतला नाही. घशाची घाटी वर गेली, खाली आली. खोकला आला नाही.

दुसरा घास गेला. मग तिसरा.

"कांदा जास्त झालाय," ते म्हणाले.

इतके दिवस त्यांना सगळं पुठ्ठ्यासारखं लागत होतं.

"मग उद्या तू कर!" लवॉन म्हणाली, पण आवाज मध्येच फाटला.

"करीन. आधी अजून एक काप दे. आणि तू काय माझ्या तोंडाकडे बघत बसलीस? तुझं ताट कुठंय?"

तेव्हा माझं लक्ष गेलं. तिने स्वतःसाठी ताटच मांडलं नव्हतं. आणि मग आठवू लागले, तर इतक्या महिन्यांत तिलाही मी काही चावून खाताना पाहिलं नव्हतं. त्यांच्यासाठी केलेल्या सूपमधलंच उरलेलं ती सिंकपाशी उभी राहून प्यायची.

मी उठून ताट आणलं. तिने त्यांना काप वाढला, मग स्वतःसाठी दोन जाड काप घेतले आणि मान खाली घालून खायला लागली. ती इतक्या भराभर खात होती, की ऑरिननी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला.