पहिल्या चार धारा

गोठ्याच्या दारावर पहिला नियम लावलेला होता. प्रत्येक सडाच्या पहिल्या चार धारा काळ्या वाटीत काढायच्या, गाठी दिसतात का बघायचं आणि ते दूध मोरीत ओतून द्यायचं. मग बादली लावायची. ताईने नऊ वर्षं हा नियम डोळे मिटून पाळला. ज्या दिवशी तो मोडला, त्या दिवसाची तिला आजही लाज वाटत नाही. लाज कुणाला वाटायला हवी होती, ते पुढे येईलच.

गोठा आपला म्हणायला. पांढरी फरशी, भिंतींना छातीपर्यंत टाइल्स, आत शिरताना बूट बदलायचे, केसांवर टोपी घालायची. शेळ्या अकरा. दिसायला चारचौघींसारख्या, खोड्यांत चार पावलं पुढे. फरक होता तो दुधात. माणसाच्या रक्तात एक द्रव्य असतं, त्याने जखमेतलं रक्त गोठतं. ते द्रव्य बनवणारं माणसाचं जनुक कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी या शेळ्यांच्या आज्यांमध्ये, त्या गर्भात असतानाच, घातलं होतं. म्हणून आता ते यांच्या दुधात उतरायचं. दूध गाडीने शुद्धीकरणाला जायचं आणि बोटभर कुपीतली पांढरी पूड होऊन परत यायचं. ती पूड पाण्यात विरघळवून शिरेत टोचायची.

यंत्र लावून बघितलं होतं. शेळ्यांनी सरळ पान्हा चोरला. दुसरी माणसं बसवून बघितली, त्यांना लाथा मिळाल्या. ताई जवळ बसली, कास चोळत दोन शब्द पुटपुटली, की एकेक बया शहाण्यासारखी पान्हा सोडायची. कंपनीच्या कागदांवर त्यांना नुसते आकडे होते. ताईने त्यांना ढुशी, नखरेल, आजीबाई अशी नावं ठेवली होती, आणि हाक मारली की त्या मान वळवायच्या.

आता नशिबाचा खेळ बघा. ज्याचं रक्त गोठतच नाही, असा एक माणूस ताईच्याच घरात होता, तिचा धाकटा भाऊ. धंद्याने शिंपी, आणि मशीन पायाने चालवायची. गुडघ्यात रक्त उतरलं की गुडघा फुगायचा आणि मशीन महिना महिना झाकलेली राहायची. कंपनीने औषधाच्या चाचणीसाठी माणसं मागितली, तेव्हा ताईनेच त्याचं नाव दिलं. दीड वर्ष त्याला आठवड्यातून दोनदा टोचलं. गुडघा उतरला. गडी जिना दोन-दोन पायऱ्या गाळून चढायला लागला. गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, जे येईल ते शिवायला घ्यायला लागला.

मग चाचणी संपली. "आवश्यक ती माहिती मिळाली आहे, आपल्या सहभागाबद्दल आभार," असं पत्र आलं आणि सोबत एक मग. मगवर शेळीचं चित्र. दीड वर्ष ज्याने आपल्या शिरा पुढे केल्या, त्याच्या तोंडाला अशी पानं पुसली. कुप्या बंद. परवाना मिळून औषध बाजारात येईपर्यंत थांबा, म्हणाले. रक्त थांबतं का कुणाच्या परवान्यासाठी?

कंपनीच्या दर्शनी खोलीत एक भलामोठा फोटो होता. गोठ्याचे व्यवस्थापक, ज्यांना सगळे साहेब म्हणत, हातातल्या ग्लासातून दूध पिताहेत, वरच्या ओठावर दुधाची मिशी, आणि खाली अक्षरं: "औषध, दुधाइतकं सोपं." ताई रोज त्याच्या समोरून जायची. औषध टोचायचं असतं हे तिला माहीत होतं, ती काही खुळी नव्हती. पण टोचायला मिळतच नसेल, तर पिऊन थोडंफार अंगी लागत असेल, असं तिला वाटलं. साहेब पीत होते ना फोटोत! आणि पहिल्या चार धारा तशाही मोरीतच जायच्या होत्या. ती त्या चहाच्या थर्मासमध्ये घरी न्यायला लागली.

धाकट्याने ते दूध त्याच मगमधून दोन महिने प्यायलं. "सुईपेक्षा चव बरी आहे, ताई," म्हणायचा. योगायोग म्हणा, पण दोन महिन्यांत गुडघा एकदाही फुगला नाही. आईने तर तो मग वेगळ्या फळीवर ठेवायला सुरुवात केली, कुणाचा हात लागायला नको म्हणून. मग त्याची अक्कलदाढ ठणकायला लागली. दातांच्या डॉक्टरने विचारलं, "काही आजार?" हा म्हणाला, "होता. आता औषध चालू आहे." आणि दाढ काढून घरी आला.

सकाळी उशी लाल झालेली होती.

रुग्णालयात ताई गेली तेव्हा धाकटा पलंगावर बसून पत्र्याच्या भांड्यात थुंकत होता. जबड्यात बोळा कोंबलेला. बोळा बदलला की नवाही लगेच भिजायचा. तोंडाचा रंग खडूसारखा. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुठलं औषध चालू होतं?" ताईने थर्मासपासून सगळं सांगितलं. लपवायचं काय?

डॉक्टरीणबाईंनी क्षणभर कपाळ चोळलं. "अहो, ते पोटात पचतं. डाळीसारखं, अंड्यासारखं. रक्तात एक थेंब जात नाही."

"म्हणजे दोन महिने..."

"साधं दूध पीत होते ते." मग बाई जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्या कंपनीकडे कुप्या असतील. आमच्याकडे नाहीत, दुसरं महागडं औषध मागवलं तर ते उद्या येईल. तोवर मी रक्त चढवत राहते, पण ते इकडून घालायचं आणि तिकडून जायचं, असं चाललंय. दुपारपर्यंत तीन कुप्या आणा."

धाकट्याला बोलता येत नव्हतं. त्याने ताईच्या हातावर हात ठेवला आणि नुसती मान हलवली, तुझी चूक नाही, अशा अर्थाने. तिला त्याने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. आई कोपऱ्यात उभी होती, पदराचा बोळा तोंडाशी धरून. ताई कुणाकडेही न बघता बाहेर पडली.

कंपनीत तिच्या आधी तिची बातमी पोचली होती. डॉक्टरीणबाईंनी भल्या हेतूने फोन केला होता, कुप्यांसाठी. साहेब टेबलामागे बसले होते. त्यांनी ताईला बसा म्हटलं नाही.

"दूध बाहेर नेलंत?"

"टाकायचं दूध नेलं. साहेब, ते मग बोलू. शीतकपाटात कुप्या आहेत, तीन द्या. तो तिकडे..."

"या शेळ्या, त्यांचं दूध, दुधातलं ते जनुक, सगळ्यावर कंपनीची मालकी आहे. टाकायचं असलं तरी. याला चोरी म्हणतात, बाई."

"मोरीत गेलं तर चालतं, आणि माझ्या भावाच्या पोटात गेलं तर चोरी?"

"मोरी आमची आहे," साहेब म्हणाले. खरंच म्हणाले. वर कपाळाला आठी न घालता म्हणाले.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अन् जनुक कुणाचं होतं? माणसाचंच ना? ते तुम्ही कुणाला विचारून घेतलंत?"

"मुद्द्यावर या. चाचणी संपलेल्या माणसाला कुप्या द्यायच्या तर समितीची परवानगी लागते. अर्ज करा. तीन-चार दिवसांत..."

"त्याला दुपारपर्यंत वेळ आहे!"

"प्रक्रिया असते, बाई. मलाही वाईट वाटतंय. तुम्ही आता घरी जा, तुमच्याबद्दलचा निर्णय कळवू."

अशी माणसं ओरडत नाहीत. ओरडली असती तर निदान त्यांच्यावर उलट ओरडता आलं असतं. ताई दारापर्यंत गेली. तेवढ्यात गोठ्यातून शेळ्यांचा कल्लोळ ऐकू आला. सकाळची धार निघाली नव्हती. दुसऱ्या दोघांनी प्रयत्न केले होते, एकाच्या कपाळावर ढुशीने टेंगूळ आणलं होतं, आणि बादली कोरडी होती.

साहेब उठले. त्यांचा आवाज एकदम लोण्याचा झाला. "ताई. आजची धार मात्र काढून जा हं."

बाईची आता ताई झाली होती. का, ते गोठ्यात सगळ्यांना माहीत होतं. परवान्यासाठी सलग तीस दिवस, किमान आठ शेळ्यांचं दूध शुद्धीकरणाला द्यायचं होतं. एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आज एकोणतिसावा दिवस होता आणि बारा वाजता गाडी यायची होती.

"आधी कुप्या," ताई म्हणाली.

"आधी धार. मग मी स्वतः समितीशी बोलतो. शब्द देतो."

शब्द! पत्रातही शब्दच होते, फोटोखालीही शब्दच होते. ताईने बूट बदलले, टोपी घातली आणि ती आत गेली. साहेबांना वाटलं, जिंकलो. ते दारात येऊन उभे राहिले.

शेळ्यांच्या कासा तटतटून दगड झाल्या होत्या. नखरेल तर मागचे पाय फाकवून उभी होती, तिला पाऊल टाकवत नव्हतं. ताईला बघून सगळ्या एकदम ओरडल्या. तशीच हात बांधून बसून राहीन, साहेबांना रडवीन, असं ती दारापर्यंत मनाशी म्हणत आली होती. पण या मुक्या जिवांना छळून? यांनी काय केलं होतं? यांनाही कुणी विचारलं नव्हतंच.

ती नखरेलजवळ बसली. कास धुतली, पुसली, चोळली. काळी वाटी घेतली नाही. बादलीही घेतली नाही. नखरेलने पान्हा सोडला आणि पहिली धार फरशीवर पडली. मग दुसरी. पाचवी. विसावी. दूध फरशीच्या उतारावरून मोरीकडे निघालं.

"बाई! बादली!"

"पहिल्या धारा काढतेय. नियम आहे."

"पहिल्या चार असतात!"

"आज सगळ्याच पहिल्या आहेत."

नखरेल मोकळी झाली, अंग झाडून बाजूला गेली. मग आजीबाई. साहेब आत आले, फरशीवर बूट न बदलता आले, आणि दुधात घसरता घसरता वाचले. "तुम्हाला कळतंय का काय करताय? हजारो लोकांचं औषध आहे हे!"

"मला एकाचं पाहिजे. हजारो त्याच्यामागे रांगेत उभे करा." आजीबाई संपली. ताईने ढुशीला ओढून घेतलं. "ही तिसरी. मग उरतील आठ. चौथीला हात लावला की तुमचे एकोणतीस दिवस त्या मोरीत. मोरी तुमचीच आहे ना?"

ढुशीची धार फरशीवर चट चट वाजत होती. साहेब मोरीकडे बघत होते, मग ताईच्या हातांकडे, मग घड्याळाकडे. ढुशीच्या धारा बारीक होत आल्या तसा त्यांनी खिशातून फोन काढला. चार दिवसांची प्रक्रिया चार मिनिटांत झाली. समितीतल्या कुणाशी ते "हो, हो, अपवाद म्हणून" असं बोलले, आणि शीतकपाटातून तीन कुप्या बर्फाच्या डब्यात घालून कंपनीची मोटार रुग्णालयाकडे निघाली.

"झालं? आता काढा धार."

"डॉक्टरीणबाईंचा फोन येऊ द्या. मग आठींचीही काढते, शब्द देते."

ती चौथ्या शेळीच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. शेळी ओरडत होती आणि ताई तिला सॉरी म्हणत होती, मोठ्याने, साहेबांच्या देखत. बायका नवऱ्याला म्हणत नाहीत इतक्या वेळा म्हणाली. अर्ध्या तासाने फोन आला. पहिली कुपी टोचून झाली होती, बोळा अजून लाल होत होता, पण सावकाश. "आत्ताच काही सांगत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण आणलंत ते बरं केलंत."

ताईने फोन ठेवला. काळी वाटी घेतली आणि चौथ्या शेळीच्या पहिल्या चार-चार धारा नियमाप्रमाणे तिच्यात काढल्या. गाठी नव्हत्या. स्वच्छ, कोमट, फेसाळ दूध. ती उठली आणि वाटी साहेबांच्या पुढे धरली.

"प्या."

साहेब एक पाऊल मागे सरले. "काहीतरीच काय? हे कच्चं आहे, तपासलेलं नाही. हे पिण्यासाठी नाहीच."

"बाहेरच्या फोटोत पिताय ते?"

"ते?" साहेबांना प्रश्नच कळला नाही. "ते बाजारातलं साधं दूध होतं."

ताईने वाटी मोरीत पालथी केली. खाली बसली, बादली ओढली आणि दिल्या शब्दाप्रमाणे आठ शेळ्यांची धार काढायला लागली. दूध बादलीत पडत होतं आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी गालांवरून गळत होतं. ते तिने पुसलं नाही, कारण तिचे दोन्ही हात कामात होते.