रुसवा नव्हे

अठ्ठ्याहत्तर साली केशवरावांच्या पुतणीचं लग्न सानगडीत थाटात झालं, पण आनंदराव न जेवता निघून गेला.

आनंदराव त्यांचा शाळासोबती. एकाच सायकलवर डबलसीट दोघं साकोलीला शिकायला जायचे. त्याचे वडील छप्पन साली बौद्ध झाले. गावाची नजर मात्र जुनीच राहिली. आनंदराव पुढे पाटबंधारे खात्यात लागला. लग्नासाठी त्यानं रजा काढली, खांद्याला खांदा लावून मांडव घातला. केशवरावांनीच त्याला पंगतीत बसवलं होतं. तेवढ्यात केशवरावांचे थोरले भाऊ भैय्याजी आले आणि आनंदरावाला म्हणाले, तुम्हा लोकांची पानं तिकडं गोठ्याजवळ मांडली आहेत.

केशवराव दोन पानं सोडून वरण वाढत होते. त्यांनी ऐकलं, आणि ते पुढच्या पानाकडे वळले.

नंतर कुणी विचारलं की ते सांगत, आनंदराव रुसला आहे, मनवून आणतो. असं सांगितलं की त्यांना हलकं वाटे. रुसणं घरचंच असतं. जावई रुसतो, लेकरू रुसतं, दोन गोड शब्द बोलले की निवळतं.

पाहुणे पांगल्यावर बुंदीचे लाडू बांधून ते आनंदरावाकडे गेले. त्याची बायको पंचफुला हिनं खाट टाकली, पाणी दिलं. केशवराव हसत म्हणाले, "किती रुसून राहशील गड्या?"

आनंदराव हसला नाही. "मी रुसलो नाही, केशव. रुसनाऱ्याले मालूम रायते, कोनीतरी मनवाले येईन म्हनून. मले तं तिथून फक्त उठाचं होतं. भैय्याजीचं मले नवल नाही. तू आयकलं, अन् वाढत गेला."

"मंग काय म्हनू मी?"

"अपमान झाला म्हन. तुले तो शबुद जड जाते, म्हनून मले रुसवून राहिला."

केशवरावांना वर बघवेना. लाडवांची पुरचुंडी हातात तशीच राहिली. ती द्यावी की परत न्यावी, तेही सुचेना. पंचफुलानंच ती घेऊन कोनाड्यात ठेवली.

बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर चारचौघांत भैय्याजींनी विचारलं, मित्राचा रुसवा गेला की नाही. केशवरावांचे कान तापले. मान खाली घालूनच ते बोलले, "रुसवा नवता, भैय्याजी. आपन त्याचा अपमान केला. मी तिथंच होतो." भैय्याजी अर्धा कप ठेवून उठले. धान कापणीपर्यंत दोघा भावांत बोलणं नव्हतं.

ही गोष्ट आनंदरावाच्या कानावर गेलीच. रस्त्यात भेटला की तो सायकल थांबवी, तलावात पाणी किती, धानाची रोवणी कुठवर आली, ते विचारी. केशवराव सांगत. मग त्यांना घरी जेवायला ये, एवढंच म्हणायचं असे. शब्द ओठापर्यंत येई, आणि ते तलावाकडे बघत उभे राहत.